मोडी वाचनाच्या सरावगटासाठी कोणतं समाजमाध्यम घ्यावं?

टाकदौत (प्रश्न)

मोडी लिपीचा (जुन्या मराठी कागदांच्या लिपीचा) प्राथमिक वर्ग झालेल्या साठेक जणांचा गट आहे. सराव सुटला की मोडी अक्षरं झपाट्याने विसरतात, म्हणून रोज एक कागद सगळ्यांनी मिळून वाचायचा असं ठरलं आहे. सध्या सगळा कारभार व्हॉट्सॲपच्या एकाच गटावर चालतो आणि तिथे या अडचणी येतात:

कागदाचा फोटो बोटांनी मोठा केला की वळणं धूसर होतात. एकाने लिप्यंतर (मोडी मजकूर देवनागरीत उतरवलेला) टाकलं की बाकीच्यांचा सराव तिथेच संपतो, कारण उत्तर डोळ्यांसमोर येतंच. नव्या सभासदाला आधीचे धडे मिळत नाहीत. शुभेच्छांच्या संदेशांत मागच्या आठवड्याचा कागद सापडत नाही. शिवाय आपला मोबाइल नंबर साठ अनोळखी माणसांना दिसावा हे बऱ्याच महिला सभासदांना नको आहे.

गटात कॉलेजातली मुलं आहेत, सत्तरी ओलांडलेले निवृत्त लोकही आहेत. तंजावर, बडोदा, इंदूरचे काही जण आहेत, दोघं अमेरिकेत. खर्च करायचा नाही. टेलिग्राम, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स अशी पाच नावं पुढे आली आहेत आणि जो तो आपल्या सवयीचं सुचवतो. मोडीच्या कामाला नेमकं काय जुळेल?

रुमाल_बस्ता

माध्यमांची नावं जरा बाजूला ठेवा. तुमच्या गटात काय फिरतं ते आधी बघा: मोठ्या आकाराचं चित्र, झाकून ठेवायचं उत्तर, एकेका ओळीवरची चर्चा आणि पुन्हा शोधता येईल असा संग्रह. या चारही गोष्टी एकाच जागी नीट बसतात त्या टेलिग्रामच्या गटात.

धूसरपणाचं कारण असं. ए-४ कागद ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला की चित्र २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं. व्हॉट्सॲप साध्या दर्जात फोटो पाठवताना लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं, म्हणजे कागद १४० डीपीआयच्याही खाली गेला. छापील मजकुराला तेवढं पुरतं. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ बहुधा पाळलेलं नसतं. वाचणाऱ्याला आधार फक्त वळणाचा, आणि तेच धूसर झालं तर वाचन संपून अंदाज सुरू होतो. यावरचा उपाय मात्र व्हॉट्सॲपवरही आहे: फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. तेव्हा निव्वळ धूसरपणासाठी घर बदलू नका. बदलायचं ते बाकीच्या कारणांसाठी.

टेलिग्रामची मांडणी अशी करा:

१. नवा खाजगी गट काढा. गटाच्या सेटिंगमध्ये 'चॅट हिस्टरी फॉर न्यू मेंबर्स' हा पर्याय 'व्हिजिबल' करा. खाजगी गटात तो 'हिडन' असेल तर नव्या माणसाला जुनं काही दिसत नाही आणि तुमची मूळ तक्रार तशीच राहते.

२. 'टॉपिक्स' चालू करा. गटाच्या आत वेगवेगळे कप्पे होतात. पाचच ठेवा: रोजचा कागद, अक्षरओळख, तारखा व कालगणना, शंका, अवांतर. शुभेच्छांवर बंदी घालून भांडत बसण्यापेक्षा त्यांना 'अवांतर'मध्ये जागा द्या आणि तो कप्पा ज्याला हवा त्याला मूक करू द्या. पंधरा कप्पे केले तर कुठे काय टाकायचं हे कुणालाच कळत नाही आणि सगळे पुन्हा पहिल्याच कप्प्यात लिहू लागतात.

३. रोजचा कागद दोनदा टाका: एकदा फोटो म्हणून, चटकन दिसावा म्हणून, आणि लगेच खाली फाइल म्हणून, मोठा करून वाचावा म्हणून. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र टेलिग्रामसुद्धा लहान करतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

४. उत्तर 'स्पॉयलर'मध्ये लिहायचं. मजकूर निवडून स्वरूपाच्या यादीतून 'स्पॉयलर' घ्या, किंवा मजकुराच्या आधी आणि नंतर दोन-दोन उभ्या रेघा ठेवून पाठवा. वर दाणेदार पडदा येतो आणि बोट लावल्यावरच मजकूर दिसतो. सरावगटासाठी ही एकच सोय बाकी सगळ्यांवर मात करते.

५. लिप्यंतर फोटोखालच्या ओळीत लिहू नका. तिथे विनाशुल्क खात्याला १०२४ अक्षरांची मर्यादा आहे, साध्या संदेशाला ४०९६ची. पानभर मजकूर मूळ फाइलला उत्तर म्हणून द्या, म्हणजे कागद आणि वाचन जोडलेले राहतात.

६. प्रत्येकाने स्वतःच्या फोनमध्ये गोपनीयता सेटिंगमधून 'फोन नंबर' → 'नोबडी' करावं. हे गटचालकाला इतरांसाठी करता येत नाही, म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांकडून करून घ्या.

अक्षरओळखीसाठी प्रश्नमंजुषाही घेता येते: जनमत घेण्याच्या सोयीत 'क्विझ' निवडायचं, एक बरोबर पर्याय ठरवायचा आणि खुलासा लिहायचा. एका अक्षराचं चित्र आणि खाली चार पर्याय. सारख्या वळणाची अक्षरं समोरासमोर आणण्यासाठी याहून सोपं काही नाही.

आणखी एक फायदा जुने फोन वापरणाऱ्यांसाठी. टेलिग्रामच्या फाइली त्यांच्या सर्व्हरवर राहतात, त्यामुळे फोनची जागा भरली की साठा पुसून टाका, फाइल पुन्हा उतरवता येते. रोज ४ एमबीचा कागद म्हणजे महिन्याला १२० एमबी. व्हॉट्सॲपवर तो भार थेट फोनवर पडतो.

चिटणीशी

रुमाल_बस्ता यांची मांडणी तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण साठातले किती जण नवं ॲप उतरवून घेतील हा प्रश्न राहतोच. सत्तरीच्या माणसाला ॲप शिकवता येतं. ते रोज आठवणीने उघडायची सवय लागणं ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून व्हॉट्सॲप बंद करू नका, त्याचं काम कमी करा.

तिथे दोन पर्याय आहेत आणि त्यांत लोकांचा गोंधळ होतो.

'चॅनल' म्हणजे एकतर्फी फलक. लिहिणार फक्त चालक. बाकीचे खुणा उमटवू शकतात, चर्चा करू शकत नाहीत. अनुसरणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण चॅनलवरचा मजकूर व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंतच ठेवला जातो, त्यामुळे धड्यांचा संग्रह म्हणून चॅनलवर विसंबू नका.

'कम्युनिटी' म्हणजे अनेक गटांवरचं एक छत्र. तिच्या घोषणा-गटात फक्त चालक घोषणा करतात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मात्र तिच्या आतल्या एखाद्या साध्या गटात शिरलं की नंबर तिथे दिसतातच. महिला सभासदांची तक्रार याच ठिकाणी परत येते, म्हणून त्यांना आत शिरण्याआधीच सांगा.

तुमच्या गटाला घोषणा-गट पुरेल. सकाळी एक संदेश: आजचा कागद, तो कोणत्या काळातला, आणि टेलिग्रामवरच्या त्या संदेशाचा थेट दुवा. टेलिग्रामवर संदेश दाबून धरला की 'कॉपी लिंक' मिळते. नुसता गटाचा दुवा देऊ नका. माणूस गटात जातो, कुठे बघायचं कळत नाही, आणि परत येतो.

फेसबुकबद्दल: साठ जणांच्या नियमित सरावाला ते बसत नाही, कारण गटातल्या पोस्टी कालक्रमाने न दिसता कुणी प्रतिक्रिया दिली त्यानुसार वरखाली होतात. सोमवारचा कागद गुरुवारी वर येतो. 'नवीन पोस्ट आधी' अशी क्रमवारी लावता येते, पण ती प्रत्येकाने स्वतः लावायची. फेसबुकचा उपयोग नवे लोक मिळवायला. मोडीत रस असलेली पन्नाशीपुढची मराठी माणसं तिथे भरपूर आहेत. खाजगी गट ठेवून प्रवेशासाठी तीन प्रश्न विचारता येतात. त्यातला एक असा ठेवा, की गटाच्या मुखपृष्ठाच्या चित्रात मोडीचा एक शब्द देऊन तो वाचायला सांगा. नुसतं 'सहभागी व्हा' दाबणारे तिथेच गळतात.

टाकदौत

दोघांचे आभार. दोन गोष्टी अजून. काही जण मोडी युनिकोडमध्ये टंकून सराव करायचा आग्रह धरतात, ते कुठे चालेल? आणि अक्षर काढायचं कसं, हात कसा फिरतो, हे दाखवायला व्हिडिओ हवेत. ते कुठे ठेवावेत?

कावेरीकाठ

टंकलेल्या मोडीविषयी. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ साली, ७.० या आवृत्तीत मिळाली, आणि 'नोटो सान्स मोडी'सारखा मोफत फाँटही आहे. पण ज्याच्या फोनमध्ये तो फाँट नाही त्याला नुसते चौकोन दिसतात, मग माध्यम कोणतंही असो. फोनवर फाँट बसवणं साध्या वापरकर्त्याच्या आवाक्यातलं नाही. संगणकावर टंकून, पीडीएफ करताना फाँट आतच बसवून पाठवा, किंवा सरळ चित्र करून पाठवा.

एक्सवर तर टंकलेल्या मोडीचं दुहेरी नुकसान. विनाशुल्क खात्याला २८० अक्षरं मिळतात, पण मोजणी युनिकोडच्या चिन्हांनुसार होते. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त प्रत्येकी एक धरलं जातं, त्यामुळे 'ज्ञानेश्वरी' हा शब्द ११ खातो. मोडीचं प्रत्येक चिन्ह दोन धरलं जातं, म्हणजे हातात १४०च चिन्हं राहतात. दोन ओळींचं पत्रही त्यात मावत नाही. एक्स तुमच्या यादीतून काढून टाका. अभ्यासक आणि संस्थांना अनुसरायला ते ठीक आहे, सरावाला नाही.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मराठी कागद मोडीत आहेत, आणि त्यांचं वळण पुण्याच्या पेशवाई कागदांहून वेगळं वाटू शकतं. म्हणून 'रोजचा कागद' टाकताना ठिकाण आणि काळ नेहमी लिहा. नवशिक्याला तेच अक्षर दोन प्रांतांत वेगळं दिसलं की तो स्वतःलाच चुकीचा समजतो.

बोरूवळण

व्हिडिओ यूट्यूबवरच ठेवा. कारण सोपं आहे: वेग अर्धा करून बघता येतो, विभाग पाडता येतात, आणि दुवा कुठेही चालतो. प्रकाशित करताना 'अनलिस्टेड' निवडा. दुवा असलेल्या कुणालाही दिसतं, शोधात येत नाही. 'प्रायव्हेट' निवडलंत तर प्रत्येकाचा ईमेल पत्ता घालून निमंत्रण द्यावं लागतं आणि ज्येष्ठ सभासद तिथेच अडकतात.

चित्रण असं करा. फोन कागदाच्या बरोबर वर, आडवा, १०८० पिक्सेल दर्जावर. लिहिणारा उजवा असेल तर उजेड डावीकडून, म्हणजे हाताची सावली नेमक्या वळणावर पडत नाही. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्का करा. नाहीतर हात आत आला की कॅमेरा हाताला फोकस करतो आणि शाई धूसर होते. कागदावर शिरोरेषा आधी आखा आणि आखताना दाखवा, कारण मोडीत रेघ आधी आणि अक्षरं तिला लटकवून, हा क्रम देवनागरीची सवय असलेल्या हाताला नवा असतो. बॉलपेन नको. जाडबारीक रेषा दिसली नाही तर अक्षराची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे कळत नाही. कापलेल्या निबचं पेन किंवा बोरू घ्या.

एका व्हिडिओत चार-पाचच अक्षरं, आणि वर्णमालेच्या क्रमाने न घेता वळणाच्या साम्याने. लांबी सहा ते आठ मिनिटं. वर्णनात वेळा लिहिल्या की विभाग आपोआप पडतात, पण अटी आहेत: पहिली वेळ ०:०० असायला हवी, किमान तीन वेळा हव्यात, प्रत्येक विभाग किमान १० सेकंदांचा हवा. वेळा इंग्रजी आकड्यांत लिहा. यातली एक अट जरी चुकली तरी विभाग दिसत नाहीत आणि कारणही सांगितलं जात नाही.

'मुलांसाठी बनवलेला आहे का' या प्रश्नाला 'नाही' म्हणा. शैक्षणिक म्हणून भाबडेपणाने 'हो' केलं की प्रतिक्रिया बंद होतात आणि प्रश्नोत्तरं संपतात. आणि व्हिडिओ चढवल्या-चढवल्या धूसर दिसला तर काढून टाकू नका. आधी कमी दर्जा येतो, वरच्या दर्जाची प्रक्रिया मागाहून पूर्ण होते.

थेट प्रक्षेपणाच्या मागे लागू नका. फोनवरून थेट जायला यूट्यूब चॅनलचे ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा परवानगीला २४ तासांपर्यंत लागू शकतात. रविवारच्या सामूहिक वाचनाला गूगल मीट बरं: १०० जणांपर्यंत, ६० मिनिटं, विनाशुल्क. भारतात संध्याकाळी ७ म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे ९:३०, हिवाळ्यात ८:३०. पश्चिम किनाऱ्यावर मात्र पहाट असते, तेव्हा तुमचे दोघं नेमके कुठे आहेत ते विचारा.

इन्स्टाग्राम मी सरावाला घेणार नाही, पण टाकूनही देणार नाही. तिथलं चित्र १०८० पिक्सेल रुंदीचं, त्यात अख्खा कागद वाचणं अशक्य. एक ओळ मात्र छान मावते. एका पोस्टीत २०पर्यंत चित्रं सरकवता येतात: पहिल्यात ओळ, मग एकेक शब्द, शेवटच्यात लिप्यंतर. उत्तर आपोआप झाकलेलं राहतं. कॉलेजातल्या मुलांना हे सोपवा. फक्त पोस्टीच्या मजकुरात घातलेला दुवा दाबता येत नाही, तो परिचयात द्यावा लागतो, आणि महिनाभरापूर्वीची नेमकी पोस्ट शोधणं तिथे जिकिरीचं आहे.

नोंदवही

माध्यम कोणतंही घ्या, एक गोष्ट आधी ठरवा: गटात कोणते कागद येऊ द्यायचे.

२०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने जुन्या कागदांतल्या, बऱ्याचदा मोडीत असलेल्या, कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून मोडी वाचणाऱ्यांची गरज एकदम वाढली. मोडीचा गट दिसला की लोक घरचे कागद टाकतात: वाटणीपत्रं, गहाणखतं, जमिनीच्या नोंदी. त्यांत आजही हयात असलेल्या घराण्यांची नावं, जमिनीचे तपशील, चालू वादाचे धागे असतात. काही जण तर ओळख पटावी म्हणून सोबत आधारचा फोटो जोडतात. असा कागद साठ जणांच्या गटात गेला की तो परत येत नाही. पाठवणाऱ्याने पुसला तरी कुणाच्या तरी फोनमध्ये राहिलेला असतो.

नियम लेखी हवेत आणि गटाच्या माथ्यावर टाचलेले हवेत. हक्काच्या वादातला कागद घेणार नाही. घरचा कागद घ्यायचाच तर गाव, आडनाव आणि जमिनीची ओळख पटेल असा भाग झाकून, तीन-चार ओळींचा तुकडा. गटातलं वाचन सरावाचं आहे, कार्यालयात लागणारं लिप्यंतर प्रमाणित मोडी वाचकाकडूनच घ्यावं. हे वाक्य नसेल तर एखाद्याच्या हौशी वाचनाची छापील प्रत उद्या अर्जाला जोडली जाईल, आणि एका चुकलेल्या आकड्याने एखाद्या कुटुंबाचं खरोखर नुकसान होईल.

अभिलेखागारातून पैसे भरून घेतलेल्या प्रती जशाच्या तशा गटात टाकण्याआधी त्या देताना घातलेल्या अटी वाचा. अभ्यासासाठी दिलेली प्रत प्रसिद्ध करायला बहुतेक वेळा वेगळी परवानगी लागते.

टेलिग्रामबद्दल एक स्पष्टीकरण, कारण याबाबत मोठा गैरसमज आहे. तिथले गट आणि साध्या गप्पा दोन्ही टोकांना कुलूपबंद (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड) नसतात. ती सोय फक्त दोघांतल्या 'सीक्रेट चॅट'ला आहे. व्हॉट्सॲपचे गट तसे कुलूपबंद आहेत. छापून गेलेल्या किंवा सार्वजनिक कागदांना याने फरक पडत नाही, घरच्या कागदांना पडतो. नंबर लपतो म्हणून मजकूरही सुरक्षित, असं समजू नका.

रुमाल_बस्ता

नोंदवही यांचं शेवटचं म्हणणं महत्त्वाचं आहे, मी ते वर लिहायला हवं होतं. त्यालाच जोडून संग्रहाबद्दल.

कोणत्याही समाजमाध्यमाला दप्तरखाना समजू नका. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ला. याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर आधी काढला गेला आणि डिसेंबर २०२०मध्ये ती सेवाच बंद झाली. भारतीय भाषांसाठी निघालेलं कू जुलै २०२४मध्ये गेलं. माध्यम चर्चेला, मूळ प्रत आपल्याकडे.

मूळ प्रती एका सामायिक ड्राइव्हवर ठेवा. गूगलचं विनाशुल्क खातं १५ जीबी देतं (त्यात ईमेल आणि फोटोही मोजले जातात). रोज ४ एमबीने वर्षाला दीड जीबीच्या आत होतं, तेव्हा केवळ या कामासाठी वेगळं खातं काढलंत तर जागेची चिंता नाही. एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवरही हवी.

फाइलचं नाव पहिल्या दिवसापासून एकाच साच्यात: ठिकाण, मूळ कालगणना, इसवी सन, प्रकार, क्रमांक. उदाहरणार्थ 'पुणे_सुहूर११७५_१७७४-७५_पत्र_०१' (सुहूर ही पेशवाईच्या कागदांवरची कालगणना, तिचं वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं असतं). मूळ वर्ष कधीही गाळू नका, कारण रूपांतर चुकू शकतं. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे ५ + ७० + १०० + १००० = ११७५. सुहूर सन मृग नक्षत्र लागलं की बदलतो, म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. एका नावात दोन्ही असलं की शोधणाऱ्याला कोणत्याही बाजूने सापडतं.

हॅशटॅग वापरणार असाल तर आधी एक चाचणी संदेश टाकून बघा. काही ठिकाणी देवनागरी हॅशटॅग मात्रेवर किंवा जोडाक्षरावर तुटतो. तुटला तर रोमन अक्षरांतले आखूड टॅग ठरवा आणि त्यांची यादी टाचून ठेवा. चालकांनीच टॅग लावावेत. सभासदांवर सोपवलं तर एकाच विषयाचे चार-चार शब्दलेखन होतात आणि शोध निरुपयोगी ठरतो.

टाकदौत

हे बरंच स्पष्ट झालं. टेलिग्राम सरावाला, व्हॉट्सॲप घोषणेला, यूट्यूब व्हिडिओंना, मूळ प्रती ड्राइव्हवर. घरच्या कागदांचे नियम लेखी करतो. आता शेवटचं: साठ जणांना एकदम हलवायचं की टप्प्याने? आणि चालक किती?

चिटणीशी

एकदम नको. पहिल्या आठवड्यात दहा-बारा जण टेलिग्रामवर न्या, त्यात तीन-चार ज्येष्ठ मुद्दाम घ्या. ज्या पायरीवर ते अडखळतील तीच पायरी बाकीच्यांसाठी चित्रं लावून समजवायची आहे. बहुधा ती 'फाइल उतरवा आणि मोठी करून बघा' हीच असते, 'नंबर लपवा' ही दुसरी.

दुसऱ्या आठवड्यापासून पंधरा दिवस दोन्हीकडे कागद टाका, पण व्हॉट्सॲपवर अर्धाच: कागदाचा वरचा भाग तिथे, पूर्ण कागद आणि उत्तरं टेलिग्रामवर. दोन्हीकडे सगळं दिलंत तर कुणीही हलणार नाही. चौथ्या आठवड्यात कम्युनिटी तयार करून फक्त घोषणा-गट ठेवा. जुना गट पुसू नका. गटाच्या सेटिंगमधून संदेश पाठवण्याचा अधिकार चालकांपुरता ठेवून तो नुसता वाचनासाठी राहू द्या. जे पाच-सात जण तरीही येणार नाहीत त्यांना आठवड्याचे सात कागद एका पीडीएफमध्ये डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्यांना वगळू नका, गटातलं जुनं वळण वाचणारी माणसं बहुतेक तीच असतात.

चालक किमान तीन. टेलिग्रामवर गटाची मालकी एकाचीच असते आणि ती दुसऱ्याला द्यायची तर मालकाच्या खात्यावर द्विस्तरीय पडताळणी किमान सात दिवस आधीपासून चालू असावी लागते, म्हणून ती आजच चालू करा. परवलीचा शब्द कागदावर लिहून दोघांकडे ठेवा. ठरावीक मुदतीत खातं उघडलंच नाही तर टेलिग्राम ते पुसून टाकतं. ही मुदत सेटिंगमध्ये वाढवता येते, मालकाने ती सर्वांत लांबची ठेवावी.

रुमाल_बस्ता

दर तिमाहीला संगणकावरच्या टेलिग्राममधून गटाची निर्यात घ्या: गट उघडून तीन ठिपके, 'एक्सपोर्ट चॅट हिस्टरी', फोटो आणि फाइली दोन्हींवर खूण, स्वरूप एचटीएमएल. फाइलच्या आकाराची पट्टी पुढे सरकवायला विसरू नका, नाहीतर मोठे स्कॅन निर्यातीतून गळतात. पहिल्यांदा निर्यात मागितल्यावर सुरक्षेसाठी एक दिवस थांबायला सांगितलं जाऊ शकतं. मोबाइलच्या ॲपमधून हे होत नाही, तेव्हा तीन चालकांपैकी एक तरी संगणक वापरणारा निवडा.